नाम आणि विशेषण

परळच्या ऑफिसात माझं काम एवढंच,
त्यांच्या भाषेतलं आपल्या भाषेत आणणं.
सहा वर्षं त्या देशात शिकले,
कोबीचं सूप, लोकरी मोजे, सात विभक्त्या,
आपल्यापेक्षा एक कमी.

तोमाशचं पत्र महिन्याला यायचं.
पाकिटावर हातोडा, आत "प्रिय कॉम्रेड",
खाली यंदा पोलाद किती टन.
मी ते टन मराठीत वाहून आणायचे,
धाकू मुणगेकर गेटवर वाचून दाखवायचा,
आणि साचेखात्यातली माणसं टाळ्या द्यायची
कधी न पाहिलेल्या भट्टीला.
तिकिटं माझ्या भाच्याच्या वहीत.

एका हिवाळ्यात पत्र आलंच नाही.
रेडिओ सांगत होता,
तिथे चौकाचौकातले पुतळे क्रेनने उतरवतायत.
धाकू म्हणाला, पोस्टाचा संप असेल.
आमच्या संपाला तेव्हा आठवं वर्ष होतं,
मागे घेतला असं कुणी म्हटलंच नव्हतं.

मग पाकीट आलं. हातोड्याच्या जागी गुलाब.
पक्षाचं नाव नवं. मी कोश काढला.
"सामाजिक लोकशाही" लिहिलं,
तर ते तीन अंकी नाटकासारखं वाटलं.
"समाजवादी लोकशाही" लिहून खोडलं.
"लोकशाही समाजवादी" उलटं करून पाहिलं,
तर तो दादरचा निघाला,
त्यांच्याशी आपलं बोलणं नाही.
रात्रभर दोन शब्द मागेपुढे सरकवत बसले,
यातलं नाम कुठलं, विशेषण कुठलं,
आणि कोण कुणाला पोसतंय.
सकाळी टाइप केलं "सोशल डेमोक्रॅटिक",
देवनागरीत, जसंच्या तसं.
हरलेली भाषांतरकार हेच करते.

चौदा वर्षांनी तोमाश आला. उपमंत्री.
नरिमन पॉइंटच्या हॉटेलात गुंतवणूकदारांची परिषद,
मी रोजंदारीवरची दुभाषी.
जेवणाच्या सुट्टीत हळूच म्हणाला, परळ?

गाडी पुलाखाली ठेवून जिना चढलो.
धाकूने खुर्ची पुसली.
भिंतीवर एकोणऐंशीचा फोटो, त्यात तोमाशला केस.
तो फोटोसमोर इतका वेळ उभा राहिला
की चहावर साय धरली.

विचार त्याला, धाकू म्हणाला, नाव का बदललं?
मी विचारलं.

जुन्या नावाला कुणी दार उघडेना.
नव्या नावाने दोनदा निवडून आलो.
म्हाताऱ्यांची पेन्शन वाचवली,
शाळेतलं दूध वाचवलं.
भट्टी विकली. आम्हीच विकली, परक्याने नाही.
सह्या झाल्या त्या दिवशी माझा बाप दारात उभा होता.
त्याने मला ओळख दाखवली नाही.

हे सगळं मी मराठीत आणलं.
टनांपेक्षा जड गेलं.

धाकू बशीत चहा ओतत राहिला, ओतत राहिला.
मग म्हणाला, आम्ही नाव नाही बदललं.
पाटी तीच, रंग दर मे महिन्यात नवा.
यंदा वॉर्डात चारशे अकरा मतं.
त्याला सांग,
त्याचं दूध निदान पोरांच्या पोटात गेलं.

तोमाश माझ्या तोंडाकडे बघत थांबलेला.
मी दुधाचं सांगितलं.
आकडा नाही सांगितला.

निघताना त्याने कोटावरचा गुलाब काढून
धाकूच्या सदऱ्याला टोचला.
धाकू ताठ उभा राहिला, डॉक्टरपुढे राहावं तसा.
गाडी गेल्यावर तो काढून
वर्गणीच्या पावत्यांना लावला.
टाचणी बरी आहे म्हणाला, गंजणार नाही.

पुढच्या आठवड्यात आभाराचं पत्र.
मी मशीनला कागद चढवला.
लिही, प्रिय, म्हणाला,
आणि पुढे काय लावायचं ते त्याला सुचेना.
पंखा फिरत राहिला.
मग म्हणाला, ते राहू दे कोरं.
खाली लिही,
तुझ्या वडलांना आमचा लाल सलाम सांग.

वडील हयात आहेत का,
ते आम्ही विचारलंच नव्हतं.