इथं नाय बसत

शिबिराची एक निळी वही असते.
तारीख, काम, तास, सरांची सही.
वर्षाचे एकशेवीस भरले की दहा गुण मिळतात.
मी त्या दहांसाठी गेले होते,
हे आधीच सांगून टाकते.

कळव्याच्या कॉलेजातून टेम्पो निघाला, आम्ही अडतीस जण.
शहापूर मागे पडलं, डोळखांब गेलं,
मग डांबर नुसतं सांगण्यापुरतं उरलं
आणि शेवटचा चढ पायी,
डोक्यावर तांदळाचं पोतं, खांद्यावर साउंड बॉक्स.

कणेरवाडी. ठाकरांची बावीस घरं.
शाळेच्या भिंतीवर ‘पाणी अडवा’ आधीच लिहिलेलं,
तीन वर्षांच्या तीन तुकड्यांनी,
एकावर एक, तीन रंगांत.
चौथ्या रंगाचा डबा
आमच्या सामानात होता.

सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, चारशे दहा,
मेल्विनच्या काकांच्या साइटवरून आलेल्या.
माती भरायची, दाभणाने तोंड शिवायचं,
मग पुढच्याच्या हातात, त्याने त्याच्या पुढच्याच्या.
पहिल्या दिवशी साखळीत गाण्याच्या भेंड्या होत्या.
तिसऱ्या दिवशी फक्त ‘घे’, ‘घे’, ‘अरे घे ना’.
शाल्मलीच्या तळहाताला फोड आले
तेव्हा पदीबाईने कसलासा पाला चुरून लावला
आणि दाभण स्वतःच्या हातात घेतली.
आम्ही एक गोणी शिवायचो, तोवर तिच्या चार व्हायच्या.
तिच्याकडे वही नव्हती.

वाळकू आगिवले रोज समोरच्या खडकावर बसायचा.
तंबाखू मळायचा. बघायचा.
चौथ्या दिवशी म्हणाला,
‘इथं नाय बसत ते.’
आम्हाला वाटलं, गोणी.
आम्ही गोणी उचलली, जरा तिरकी केली,
वर उभं राहून दोन उड्या मारल्या.
‘आता बसली, मामा!’
तो हसला. आम्हीही हसलो.
त्या हसण्याचा एक फोटो आहे,
कॉलेजच्या वार्षिक अंकात, पान एकेचाळीस.

शेवटच्या रात्री शेकोटी झाली, भाषणं झाली,
ऋत्विजला बोलताना रडू आलं, ते खरं होतं.
टेम्पो वळणावर गेला तरी पोरं हात हलवत होती.
वहीत सरांनी एकदम सही केली,
सात दिवस, छप्पन तास.

फेब्रुवारीत मी एकटीच गेले.
का गेले ते अजून नीट सांगता येत नाही.
एसटीने शहापूर, पुढे जीप,
आणि तोच चढ, या वेळी रिकाम्या हातांनी.

बंधारा जागेवर नव्हता.
मधोमध फक्त सहा-सात गोण्या,
पडलेल्या दातांच्या हिरडीसारख्या,
आणि कोरडे गोटे.
मला आधी राग आला,
मग लाज, मग पुन्हा राग.
ओढ्याच्या कडेने उतरत गेले,
जिथे तो जांभळीला वळसा घालतो तिथवर.
तिथे पाणी होतं.
कमरेइतकं, हिरवं, गप्प.
अडवलेलं आमच्याच गोण्यांनी,
फटींत चिकणमाती चेपलेली, पायाला दगड,
आणि खालून तिसऱ्या थरात
मार्करने लिहिलेलं माझं नाव,
उलटं.

वाळकूमामा वरून आला.
‘कधी हलवला?’
‘तुमी गेल्यावर. पाच दिस लागलं.’
‘मग आधी सांगायचं ना!’
‘सांगितलं की,’ तो म्हणाला,
‘तवा तुमी गोनी हलवली.’

थोडा वेळ कुणीच बोललं नाही.
एक म्हैस पाण्यात उतरली,
माझ्या नावावर लाट आपटली.

‘शिवन मातर चांगली व्हती,’ तो म्हणाला,
आणि ती शिवण बहुतेक पदीबाईची होती.

मग त्याने हनुवटीने वर दाखवलं,
त्या उरलेल्या सहा-सात गोण्यांकडे.
‘आलीस तर दोन घेऊन ये खाली.’

घेऊन आले. दवाने भिजलेली माती,
पाठीवर गार, कोरडीपेक्षा दुप्पट जड.
काठावर आले, धाप लागलेली,
आणि या वेळी
खाली ठेवण्याआधी
विचारलं, ‘इथं?’

‘अजून खाली,’ तो म्हणाला.