तेरुबोक

"उलट बोट फिरवू नकोस," दायांग रफेआ म्हणते.
फिरवतोच मी. पोटाच्या कडेला करवत,
रक्ताचा थेंब लुपारच्या गढूळ पाण्यात.

वरच्या जबड्यात मधोमध खाच,
भात शिजला का, नखाने दाबून पाहावं तशी.
"ही तर आमची भिंग!"
"हा," ती म्हणते. "अजून वर्षाचा नाही.
इथे सगळे नर म्हणूनच वाढतात,
मग कधीतरी, कुणाला न सांगता,
बाया होतात.
बाजारात दिसते ती महागडी, अंडी भरलेली,
प्रत्येक जण
कधीकाळी बाप होती."

सुरीने पोट उघडते.
एका कडेला पांढरं रेत,
दुसरीकडे गाभोळीचे चार दाणे.

वहीत रकाने दोनच.
पेन थांबतं.

मग ती मिठाचा डबा जवळ ओढते.