मोजा

दाराच्या मुठीवर मी जुना लोकरी मोजा चढवला आहे,
फ्रिजच्या दांडीवर दुसरा.
जोडी मोडली, पण दोन्ही कामाला लागले.

नळाचं पाणी त्याला काचेसारखं लागतं,
बोटांच्या पेरांत शिरतं, म्हणतो, आणि तिथेच फुटतं.
हा माणूस चाळीस हिवाळे
पैपुस सरोवराच्या बर्फाला भोकं पाडून
उघड्या हातांनी जाळी ओढत आला.
परवा टेबलावरचा स्टीलचा चमचा उचलला
आणि चटका बसल्यासारखा टाकून दिला.
आता चमचा लाकडी. चहा कोमट, पाणी कोमट, सूप कोमट.
"नवराही," येवस्ताफी म्हणतो,
आणि भिंतीकडे तोंड करतो.

तार्तूच्या नर्सनं कागद दिला आहे:
ताप मोजा, वजन मोजा,
पाण्याचे पेले मोजा, उलट्या मोजा.
मी कांद्याच्या हिशोबाच्या वहीत लिहिते,
घरात दुसरी वही नव्हती.
डाव्या पानावर सप्टेंबरात विकलेल्या माळा,
उजव्या पानावर तो.
मंगळवार तीन. बुधवार पाच,
त्यातली एक नुसत्या पाण्याची.

कांदे तर घराबाहेरच काढावे लागले.
आमचं अख्खं गाव कांद्यावर जगतं,
आणि वास आला की त्याच्या पोटात ढवळतं.
एकशेदहा माळा, एका रात्रीत,
ढकलगाडीवरून फेदोस्याच्या घरी.
तिनं काही विचारलं नाही, नुसती शेड रिकामी केली.
भिंतीवर खिळे राहिले.
पण या हातांचं काय करू?
व्हिनेगर झालं, राख झाली, मीठ चोळून झालं.
चौतीस वर्षांचा कांदा कातडीच्या आत गेलाय.
त्याला पाणी पाजताना मी माझाच श्वास रोखते,
जणू वास माझ्या नाकातून त्याच्याकडे जातो.

लग्नात मी चोवीस, तो सदतीस.
बायका म्हणाल्या होत्या, म्हातारपणी त्याची काठी होशील.
काठीला झोप लागत नाही का, कुणी सांगितलं नव्हतं.
रात्री न्हाणीत नळ सोडून मी शिव्या देते,
कुणाला, ते अजून ठरलेलं नाही.
मग तोंड पुसून चिन्हांकित गोळी घेऊन जाते,
निळी आधी, पांढरी जेवणानंतर,
जेवण झालं तर.

तिसऱ्या फेरीनंतर दाढी गेली.
आमच्या जुन्या पंथात दाढीला कात्री लावत नाहीत.
इथे कात्री कुणी लावलीच नाही,
ती आपणहून उशीवर आली, बशीत आली.
मी केस वेचून बिस्किटांच्या डब्यात ठेवू लागले.
दाढी शवपेटीत सोबत द्यायची असते, आई सांगायची.
एक दिवस डबा त्याच्या हाती लागला.
बराच वेळ कमरेचा पंप तेवढा टिकटिकत राहिला.
"लुशा, मला पुरतेस की उशी भरतेस?"
मी हसले नाही. तोही नाही.
मग त्यानं डबा खिडकीतून उचलून
चुलीशेजारच्या फळीवर ठेवला.
"तिथे गार पडली असती," म्हणाला.

काल रात्री तो उठला.
मला वाटलं, बादली हवी.
पण तो दारापाशी उभा होता,
मुठीवरचा मोजा काढून
उघडी बोटं पितळेवर टेकवून
हलक्या आवाजात मोजत होता.
एक. दोन. तीन.
चारला हात मागे घेतला, काखेत दाबला.
मी डोळे मिटून पडले होते.
माझे तोवर सहा झाले होते.

सकाळी वहीत लिहिलं:
शुक्रवार. मूठ, चार.
मोजा त्यानं उलटा चढवला होता, टाच वर.
तसाच राहू दिला.