दोन्ही गाल

वेळ साडेदहाची मिळाली आहे.
कास्त्रोहून डॉक्टरीणबाई फोनात दिसणार,
म्हणून देल्फिन आजोबांनी पहाटे उठून दाढी केली,
तीही फक्त डाव्या गालाची.
"उजव्या अंगाला काळोख असतो," म्हणाले,
"फुकट साबण कशाला?"

बेटावर रेंज येते ती
सफरचंदाच्या झाडाकडल्या खिडकीत,
आणि तीसुद्धा ओहोटी लागल्यावर, असं आजोबांचं मत.
मी वाद घालत नाही.
खुर्ची तिथे ओढली. फोन मिठाच्या बरणीला टेकवला.
पडदा लावला, काढला, परत अर्धा लावला.
मागे भिंतीवर जाळं टांगलेलं.
ते मी उतरवणार, तर म्हणाले, असू दे,
"बाईंना कळू दे, मी अजून मासे धरतो."
तीन वर्षांत होडी पाण्याला लागलेली नाही.

दवाखान्याचा निरोप होता, तयारी ठेवा:
आठवड्याचा रक्तदाब, लिहून.
चालू औषधं, सगळी, समोर.
त्रास काय, कधीपासून, थोडक्यात.
त्या 'थोडक्यात'पाशी आम्ही अडलो.
चक्कर किती वेळा येते?
"वारा असेल तसं."
मी लिहिलं: रोज.
पडलात का कधी?
"पडलो नाही. बसलो. जरा घाईने."
मी लिहिलं: दोनदा.
मंगळवारचा आकडा धरायचा नाही म्हणाले,
तेव्हा पिराता बोटीवर भुंकत होता
आणि त्याचा राग यांच्या दंडात उतरला होता.

मग बिस्किटांचा डबा मेणकापडावर उपडा केला.
पिवळ्या गोळ्या. खोकल्याची बाटली, तळाला साखर धरलेली.
एक बटण. एक गळ.
आणि पांढऱ्या गोळ्यांची पाकिटं,
वर चिकटवलेलं नाव: एदुविहिस नाइमान.
आजी जाऊन सात महिने झाले.
पाकीट मात्र
कालपर्यंत फोडलेलं.

आजोबा मेणकापडाची सुरकुती सारखी करत बसले.
ती काही जात नव्हती.
"आठ वाजता दोघं बरोबर घ्यायचो.
तिची पांढरी, माझी पिवळी.
पेला एकच.
आता एका गोळीला
पेलाभर पाणी फार होतं, पोरी."

फोन वाजला तशी पाकिटं खिशात गेली.

आवाज आधी आला, चेहरा मागून,
तोही अर्धा, तोंड उघडं राहिलेला.
बाईंनी जेवण विचारलं, झोप विचारली,
उभं राहून दारापर्यंत जाऊन या म्हणाल्या.
गेले. आले. भिंत धरली ती
फोनच्या नजरेबाहेर.
"औषधं सगळी समोर आहेत ना?"
आजोबांनी माझ्याकडे पाहिलं.
मी जाळ्याची भोकं मोजत होते.

बराच वेळ गेला. मग त्यांनीच खिशात हात घातला,
पाकीट फोनला लावलं. उलटं. फार जवळ.
"जरा मागे घ्या. हं. नाव काय आहे त्यावर?"
त्यांनी वाचलं,
माहेरच्या आडनावासकट,
मचव्यावरून किनाऱ्याला हाक घालावी
तेवढ्या मोठ्याने.
पिराता अंगणातून धावत आला.

पलीकडे कुणी बोलेना. मला वाटलं रेंज गेली.
पण बाईंच्या मागचं घड्याळ चालत होतं.

शेवटी म्हणाल्या, पांढरी आजपासून बंद.
गुरुवारी बोट आहे, मी स्वतः येते.
कुत्रा बांधून ठेवा. दाराशी सतरंजी असेल तर काढा.
दिवा मोठा लावा.
"आणि ह्या?" आजोबांनी पाकीट हलवलं.
"त्याही टेबलावर ठेवा. मला दाखवा.
मी घेऊन जाईन."
यावर ते काही बोलले नाहीत,
फक्त भरती किती वाजता आहे ते बाईंनाच सांगितलं.

बुधवारी संध्याकाळी गेले होते मी.
सतरंजी कुंपणावर, पिराताच्या गळ्यात नवी दोरी,
आजोबा आरशासमोर, दोन्ही गालांना फेस.
म्हणाले, "आलीस ते बरं झालं.
ते जाळं तेवढं उतरव.
घरात आलेलं माणूस हात लावून बघतं.
कोरडं ठणठणीत आहे ते."