घोड्याची पाठ

एनफील्डमधे तिला पुस्तकातल्या नावानं
कुणी हाक मारत नाही.
घोड्याची पाठ म्हणतात:
पाइनच्या रानातून, दलदलीच्या मधोमध
वळत गेलेली एक लांबट टेकडी,
माथ्यावर जेमतेम ट्रक मावेल एवढा रस्ता.

मी खाणीच्या वजनकाट्यावर बसते.
बावीस टन, बारीक वाळू. अठरा टन, गोटे.
पावती फाडते, खिडकीतून देते.

हा नदीचा तळ आहे,
मर्ल थिबोडो पहिल्याच आठवड्यात म्हणाला,
लोडरच्या पायरीवर उभा, हातात सँडविच.
मैलभर जाडीचं बर्फ, त्याच्या पोटात बोगदा,
बोगद्यात पाणी, अंधारात,
वेळ आली तर चढ चढणारं.
काठ बर्फाचे होते, ते गेले.
तळ राहिला, चहूकडच्या जमिनीहून उंच.

नदीचं मूळ विचारू नये म्हणतात आमच्याकडे.
इथं विचारलं तरी सांगणार कोण?

कापलेल्या भिंतीत अजून दिसतं
तिनं कसं पाखडलं ते:
जोरात होती त्या उन्हाळ्यातले डोक्याएवढे धोंडे,
ओसरली तेव्हाची रव्यासारखी वाळू,
मधेच बोटभर चिकण गाळ,
कधीतरी पाणी थबकलं होतं, त्याचा.

पलीकडे गोल तळं.
बर्फाचा एक तुकडा वाळूखाली पुरला गेला,
शेकडो वर्षं तसाच,
मग सावकाश विरघळला. वरची जमीन खाली बसली.
मर्लची मुलं तिथं पोहायला शिकली.

गावाची दफनभूमीही ह्याच पाठीवर.
बाकी कुठं फावडं घातलं की खडक वाजतो,
इथं खणणं सोपं, पाणीही मुरून जातं.
मर्लची ओडील तिथं आहे, उत्तरेच्या रांगेत.
कागदावर खाणीची हद्द कुंपणापासून साठ फूट.
मर्ल शंभरावरच थांबतो.
मालक वर्षातून एकदा विचारतो.
तिथली वाळू चांगली नाही, तो म्हणतो.

चांगली आहे. माझ्याकडे चाचणीचे आकडे आहेत,
चाळणीगणिक.
मी बोलत नाही.

परवा त्यानं विचारलं,
तुमच्या भाषेत काय म्हणतात ह्याला?
शब्द नाही, म्हटलं. आमच्याकडे बर्फ नव्हतं,
आमच्याकडे आग वाहिली, थरावर थर,
आणि काळी होऊन बसली.
त्यानं मान हलवली,
जणू दूरच्या नात्यातलं कुणी निघालं.

जाताना टेबलावर एक गोटा ठेवून गेला,
पावत्या उडतात म्हणून.
तुळतुळीत, राखाडी, एका बाजूला पांढरी शीर.
सगळे गेल्यावर बाहेर जाऊन
मी तो काट्यावर ठेवून पाहिला.
आकडा हलला नाही.
वीस किलोच्या खालचं
आमचा काटा काही मानत नाही.