खिसा

वसुबारसेला मी जेलरोडला पोचले तेव्हा
पिशवीत पाच खोडरबर होते,
पांढरे, साबणाच्या वडीएवढे,
एक कोरणी, जांभळ्या शाईची डबी
आणि मेनरोडवरून घेतलेला कागदांचा गठ्ठा:
घोटीव, पतंगी, शिवाय तो जाड हातकागद
ज्यात झेंडूच्या पाकळ्या वाळून अडकलेल्या.
आईनं हुंगून बघितला.
"आणि फराळाला काय आणलंस?"

दुपारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही.
विलासची मुलं कंदिलाच्या करंज्या दुमडतायत,
आत वहिनी खऱ्या करंज्या दुमडतेय,
दोन्हीकडे कडा उकलतात.
आत दुधाचं बोट, बाहेर खळीचं.
अबीर एकदा चुकून दुधाची वाटी घेऊन बसला.
चिकटलं तेही.
आई सोऱ्या पिळतेय,
तिच्या छापखान्यातून कागदावर
एकसारख्या चकल्या उतरतायत,
शेवटची नेहमी जरा वाकडी.

पप्पा तेवढे खुर्चीत, पाय वर घेऊन.
चौतीस वर्षं प्रेसमध्ये काढली त्यांनी.
तिथं कोरा कागदसुद्धा मोजून यायचा, मोजून जायचा,
एक ताव कमी भरला तर पाळी सुटायची नाही,
आणि सुटली की फाटकावर
खिसे उलटे करून दाखवायचे.
आमच्या लहानपणी वाणसामानाची यादी
बसच्या तिकिटामागं लिहिलेली असायची.
आता जमिनीवरचे कपटे बघताना
त्यांचे ओठ हलतात.
मला माहीत आहे, मोजतायत.

रुंजीनं पहिला ठसा कोरला, स्वतःच्या नावाचा.
जीभ बाहेर काढून, तासभर.
शाई थापली, दाबला, उचलला,
आणि भोकाडच पसरलं.
'जी' आधी, 'रुं' नंतर,
वेलांटी भलत्याच बाजूला पाठ करून उभी.
मी सांगायला गेले, अगं, ठसा नेहमी उलटा...
पण नऊ वर्षांच्या माणसाला त्या क्षणी
काही सांगू नये.

"बघू," पप्पा म्हणाले.
चष्मा कपाळावर सारला, कागद डोळ्यांपाशी नेला.
"रुंजी. लिहिलंय की."
आम्ही सगळे गप्प.
मग त्यांनी दुसरं रबर मांडीवर घेतलं
आणि पेन्सिल न उचलता उलटं लिहीत गेले,
उजवीकडून डावीकडे,
जसं आपण अंगणातून घरात यावं
इतकं सहज.

आतून आई ओरडली, झारा हातात तसाच:
"लग्नानंतरची पहिली चिठ्ठी अशीच लिहिली होती यांनी!
आरसा घेऊन मोरीत बसले वाचायला.
सासूबाईंच्या हाती लागली,
त्या म्हणाल्या, मोडी शिकलीस का गं?"
"काय लिहिलं होतं?" अबीरनं विचारलं.
तेल तापलंय म्हणाली ती.

संध्याकाळपर्यंत दार, फ्रीज, चिवड्याचा डबा,
शेजारच्या गांगुर्डेकाकूंच्या ताटावरचा रुमाल,
सगळ्यावर जांभळं रुंजी, रुंजी, रुंजी.
अबीरनं पणती कोरायला घेतली, झाला मासा.
तोही छापला.
पहिली, चुकलेली प्रत टेबलावर राहिली होती,
शाई अजून ओली.
"खराब प्रत बाहेर ठेवायची नसते,"
पप्पा म्हणाले, आणि शर्टाच्या खिशात टाकून
मफलर गुंडाळून फिरायला गेले.
थंडी पडायला लागली की ते बिटकोपर्यंत जातात
आणि प्रेसच्या रस्त्यानं परत येतात.

रात्री आई न्हाणीघरात शर्ट भिजवत होती.
"या वयात खिशात शाई! बघ, बघ जरा."
तिनं खिसा उलटा करून दिव्याखाली धरला.
आतल्या पांढऱ्या कापडावर,
फिकट, पण सुलट:
रुंजी.

साबण हातात घेऊन आई थोडा वेळ थांबली.
मग तो शर्ट बाजूला काढून
पप्पांचा दुसरा भिजवायला घेतला.