शून्य आणि रिकामं

एकोणीस वर्षं या गोदीवरचे सगळे प्रश्न
माझ्या खुर्चीपाशी येऊन थांबले.
हिशेबातली ओद्दनी, लागोसला कॉडची सुकी डोकी पाठवणारी स्युनिव्हा,
ताकाला यायच्या आणि भांडं लपवायच्या:
सहज विचारतेय गं, मार्चात इटलीला किती माल गेला?
सहज काही नसायचं.
बँकेचा माणूस खाली गाडी लावत असायचा.
मी चार तक्ते जोडायचे, एक अट घालायचे,
अट चुकली की डिसेंबर दोनदा मोजला जायचा.
पुन्हा लिहायचे. कॉफी गार.

मग मालक म्हणाले, ज्याचा प्रश्न त्यानेच विचारावा.
हत्यार निवडा.

तीन विक्रेते आले, फेरीबोटीने, फेब्रुवारीत.

पहिल्याचे बूट ऑस्लोचे, बर्फावर न टिकणारे.
त्याच्या नमुन्याच्या दुकानात सायकली विकल्या जात होत्या
आणि एकही सायकल परत येत नव्हती.
इतका स्वच्छ विदा मी जन्मात पाहिला नव्हता.

दुसरा म्हणाला, एक अक्षर लिहायचं नाही.
ओढा, सोडा, झालं.
ओद्दनीने ओढलं, सोडलं,
आणि तिच्या डोळ्यांसमोर सहा रंगांचं वर्तुळ उमललं.
ती हसली. माझ्यासमोर ती कधी अशी हसली नव्हती.

तिसरी तालिनची, मारिका.
तिचा पडदा राखाडी, उत्तराआधी तीन सेकंद गप्प.
तेवढ्या वेळात स्युनिव्हाने दोनदा घड्याळ पाहिलं.

आयलर्टला कुणी बोलावलं होतं कोण जाणे.
रबरी बुटांनिशी आला, खोलीभर वास घेऊन.
हा माणूस कॉड शेपटीला धरतो, मानेपाशी हुंगतो,
आणि वीस ढिगांपैकी बरोबर त्याच ढिगावर टाकतो.
चार सेकंद. मारिकापेक्षा एकच जास्त.
त्याने तिघांना एकच विचारलं:
सातवा मांडव. वादळाच्या वर्षीचा मे. किती उतरला?

पहिला: शून्य किलो.
दुसरा: शून्य किलो, आणि खाली एक सुबक हिरवी रेघ.
आयलर्टने आपले तळहात पाहिले.
सातवा मांडव मी उतरवला, म्हणाला, या हातांनी.
वाऱ्याने कागद नेला. मासे नव्हते नेले.

मारिकाच्या पडद्यावर चौकोन रिकामाच होता,
तिरक्या रेघा मारलेला,
खाली बारीक अक्षरात: नोंद नाही.
दिसायला वाईट दिसतं, मालक म्हणाले.
दिसतंच, मारिका म्हणाली, आणि लॅपटॉप मिटला.

दुसऱ्याचं घेतलं आम्ही.
माणशी भाव कमी, शिकवणी दोन दुपारची,
आणि ओद्दनीचं ते हसू.
सही माझीही आहे त्या कागदावर.
पुढचे तीन आठवडे मी जुन्या तक्त्यांत उतरून
जिथे जिथे कुणी मोजलं नव्हतं
तिथे तिथे लिहीत बसले: माहीत नाही.
वर्तुळांना आता एक सातवा रंग आहे, मळकट.
मालकांनी विचारलं, हा काढता येईल का?
मी म्हटलं, बघते.
अजून बघतेच आहे.

फोन कमी वाजतो.
ओद्दनी रात्री घरून विचारते, चुकते,
डिसेंबर दोनदा मोजते, स्वतःच ओळखते,
सकाळी मला ती चूक ताज्या पावासारखी आणून दाखवते.
मला जरा रिकामं वाटतं, शून्य नव्हे.

काल आयलर्ट आला. एका बोटाने पडदा दाबून पाहिला.
आपण कुठे कुठे मोजलंच नाही, एवढंच दाखव म्हणावं याला.
त्याला तसं बटण नव्हतं.
मी खुर्ची ओढली, जुन्या सवयीने चार ओळी लिहिल्या.
एक्केचाळीस नोंदी आल्या.
तो एकेक मोठ्याने वाचत गेला:
हा पाचवा मांडव, हे माझ्या भावाचं अक्षर नाही,
इथे पेन गोठलं होतं,
हे मला नाही माहीत, राहू दे तसंच.
तिसाव्या ओळीवर बोट थांबलं.

हे शून्य, म्हणाला. खरंखुरं.
त्या दिवशी समुद्रावर कुणी गेलंच नव्हतं.

मी शून्य टाकलं.